काडी न लावता पेटणारा ढीग : साठवलेला कोळसा आपोआप का पेटतो?

ऐकताना आकडे निसटून जातात अशी तक्रार तुमच्यापैकी बरेच जण करता, म्हणून हा भाग इथे लिहूनही देतोय. ज्यांना वाचायचंय त्यांनी निवांत वाचा, ज्यांना ऐकायचंय त्यांनी कानात हेडफोन घाला. मजकूर तोच आहे, फक्त माझं मधलं खोकणं काढलंय.

आजचा विषय आहे कोळसा. खाणीतला किंवा चुलीतला नाही, तर नुसता साठवून ठेवलेला. कुणी काडी लावली नाही, ठिणगी पडली नाही, वायर शॉर्ट झाली नाही, तरी मोकळ्या मैदानावर पडलेला कोळशाचा ढीग आतून तापत जातो आणि एक दिवस त्यातून धूर निघायला लागतो. ऐकायला भुताटकी वाटते, पण सगळा हिशेब दहावीच्या विज्ञानात बसतो. हा हिशेब कळला की एक गोष्ट लक्षात येते. असा ढीग बघून आपल्या मनात पहिले दोन उपाय येतात, "पाणी मारा" आणि "उकरून हवा लागू द्या", आणि हे दोन्ही उपाय बऱ्याचदा चुकीचे ठरतात. का, ते आज बघू.

एवढा कोळसा साठवतातच कशाला?

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचं आहे. त्यातले मोठे संच प्रत्येकी ५०० मेगावॅटचे. आपल्या देशी कोळशावर एक युनिट वीज तयार करायला ढोबळमानाने ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आता गुणाकार करा. ५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर त्याला सात ते आठ हजार टन कोळसा लागेल. एक दिवस, एक संच!

आता रेल्वेचा रेक उशिरा आला, खाणीत पाऊस भरला किंवा संप झाला, तर? म्हणून केंद्राच्या आवारात साठा ठेवावाच लागतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशभर कोळशाची टंचाई झाली होती, आठवतंय? त्यानंतर साठ्याचे नियम बदलले. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्रांनी १२ ते १७ दिवसांचा आणि खाणीपासून लांब असलेल्यांनी २० ते २६ दिवसांचा साठा ठेवावा असं ठरलं. एका संचाचा २० दिवसांचा साठा म्हणजे सुमारे दीड लाख टन.

पेच इथेच आहे. साठा कमी ठेवला तर अंधाराची भीती, जास्त ठेवला तर आगीची.

आग लागण्याआधीची आग

लोखंडाला गंज चढतो, म्हणजे लोखंडाचा ऑक्सिजनशी हळूहळू संयोग होतो. कोळशाचंही तसंच आहे. तो जमिनीखाली कोट्यवधी वर्षं हवेपासून दूर होता. आपण तो फोडून बाहेर काढला, त्याचे नवे पृष्ठभाग उघडे पडले आणि त्यांनी ऑक्सिजन ओढायला सुरुवात केली. अगदी ३० अंशालासुद्धा ही क्रिया चालू असते, आणि तिच्यातून उष्णता बाहेर पडते. ज्वाला नाही, धूर नाही, फक्त मंद ऊब.

"एवढ्याशा उबेने काय होणार?" असं वाटेल, म्हणून एक ढोबळ गणित करू. आपल्या औष्णिक केंद्रांत येणारा एक किलो कोळसा पूर्ण जाळला तर साधारण ४००० किलोकॅलरी उष्णता मिळते. आणि तोच एक किलो कोळसा १०० अंशांनी तापवायला किती लागते? कोरडा असेल तर जेमतेम २५ ते ३० किलोकॅलरी. म्हणजे ढिगातला एक टक्क्याहूनही कमी कोळसा हळूहळू जळाला आणि ती सगळी उष्णता आतच अडकली, तर उरलेला सगळा कोळसा १०० अंशांनी तापू शकतो.

पुन्हा वाचा, एक टक्क्याहूनही कमी. काडीपेटी बाहेरून आणायची गरजच नाही, ती कोळशातच आहे. आता प्रश्न एवढाच की ती उष्णता आत अडकते की निघून जाते?

पंगतीतला भात आणि ताटातला भात

लग्नात आचाऱ्याचं मोठं पातेलं बघितलंय? त्यातला भात दोन-तीन तासांनीही हाताला चटका देतो. तोच भात ताटात वाढला की पाच मिनिटांत गार. भात तोच, फक्त उष्णतेला बाहेर पडायला किती अंतर कापावं लागतं, ते बदललं.

यात एक पेच आहे. अंतर दुप्पट झालं की लागणारा वेळ दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहापट झालं तर शंभरपट. कोळसा उष्णतेचा फार वाईट वाहक आहे, जवळजवळ लाकडाइतकाच. हिशेब मांडला तर दहा सेंटिमीटर जाडीच्या थरातून उष्णता बाहेर पडायला साधारण अर्धा दिवस लागतो. एक मीटरसाठी सुमारे दोन महिने. आणि पाच मीटर आत तयार झालेली ऊब नुसत्या वहनाने बाहेर यायची म्हटली तर चार वर्षं!

हे अंदाजी आकडे आहेत, कोळशागणिक बदलतील. पण मुद्दा स्पष्ट आहे. घरामागे पडलेलं पोतंभर कोळसं कधी आपोआप पेटत नाही आणि यार्डातला डोंगर पेटतो, याचं कारण कोळशाच्या जातीपेक्षा ढिगाच्या आकारात जास्त आहे.

माईक आणि स्पीकरचं भांडण

गणपतीच्या मंडपात माईक स्पीकरसमोर गेला की काय होतं? कुँईऽऽऽ! स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, प्रत्येक फेरीत मोठा. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हाच प्रकार सर्व्हरच्या बाबतीत होतो. सर्व्हर मंदावला की सगळी ॲप्स पुन्हा पुन्हा विनंती पाठवतात, त्यामुळे तो आणखी मंदावतो, मग आणखी विनंत्या, आणि शेवटी सगळंच बसतं.

कोळशाच्या पोटात हेच चालतं. तापमान दर १० अंशांनी वाढलं की ऑक्सिजनशी होणारी क्रिया अंदाजे दुप्पट वेगाने होते. ३० चे ४० अंश झाले, वेग दुप्पट. ५० ला चौपट, ६० ला आठपट, ७० ला सोळापट. जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे आणखी वेग.

सुदैवाने मधे एक ब्रेक आहे, तो म्हणजे कोळशातला ओलावा. पाण्याची वाफ व्हायला भरपूर उष्णता लागते. त्यामुळे ढीग तापत तापत ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास आला की काही काळ रेंगाळतो, तोपर्यंत सगळी कमाई पाणी उडवण्यात खर्च होत असते. यार्डात कधीकधी पहाटे ढिगावर नुसती वाफ दिसते, ती या टप्प्याची खूण. बघणाऱ्याला वाटतं, वाफच तर आहे. पण आतलं पाणी संपलं की ब्रेक गेला. त्यानंतर तापमान दिवसांच्या नाही, तासांच्या हिशेबाने चढू शकतं.

खरा घोटाळा मधल्या हवेचा

आता आजच्या भागाचा गाभा. हवा अजिबात मिळाली नाही तर ढीग तापत नाही, कारण ऑक्सिजनच नाही. हवा भरपूर, मोकळी, वाऱ्यासारखी मिळाली तरी ढीग पेटत नाही, कारण ती हवा उष्णता घेऊन निघून जाते. धोका या दोन्हींच्या मधे आहे. कोळशाला ऑक्सिजन पुरेल इतकी हवा आत शिरते, पण त्याला थंड करेल इतकी नाही. ती अवस्था सगळ्यात वाईट.

आणि निष्काळजीपणे टाकलेला ढीग नेमकी हीच अवस्था तयार करतो. कन्व्हेयरवरून किंवा टिप्परमधून कोळसा वरून ओतला की मोठे खडे उतारावरून गडगडत पायथ्याशी जातात आणि चुरा मधे, वर राहतो. झालं! पायथ्याशी मोठ्या खड्यांमधून हवा आत शिरायला आयती दारं, आणि पोटात चुरा, म्हणजे ऑक्सिजन ओढायला प्रचंड पृष्ठभाग. आतली हवा तापून वर जाते, तिच्या जागी खालून नवी येते. ढिगाचं धुराडं झालं. म्हणून तापलेली जागा बहुतेक वेळा अगदी मध्यभागी सापडत नाही. ती उताराच्या बाजूला, वाऱ्याच्या अंगाला, पृष्ठभागापासून थोडी आत सापडते.

शेतकऱ्यांच्या घरातल्या मंडळींना हे समजायला सोपं आहे. आपण साठवणीच्या दोन उलट पद्धती वापरतो. कांदा चाळीत ठेवतो, तिथे खालून-बाजूने हवा खेळती राहिली पाहिजे. आणि मूरघास करताना ट्रॅक्टर फिरवून फिरवून चारा दाबतो, वर कागद टाकून हवा बंद करतो. मूरघास नीट दाबला नाही, कुठे पोकळी राहिली, की तो तिथे तापतो आणि खराब होतो. कोळशाचा मोठा साठा मूरघासासारखा ठेवायचा असतो, कांद्यासारखा नाही. कारण एवढ्या मोठ्या ढिगात कांद्याच्या चाळीइतकी हवा खेळवणं शक्यच नसतं.

सगळा कोळसा सारखा नसतो

कोळसा जितका "कोवळा", म्हणजे लिग्नाइटकडे झुकणारा, तितका तो ऑक्सिजन पटकन ओढतो. ज्यात बाष्पशील घटक जास्त, तो जास्त धोक्याचा. चुरा जितका बारीक तितका धोका जास्त. पायराइट नावाचं लोह आणि गंधकाचं खनिज असेल तर तेही हवेशी संयोग पावून उष्णता देतं आणि खडे फोडून नवे पृष्ठभाग उघडतं.

हे मोजायची एक सुटसुटीत पद्धत आहे. धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी ती वापरतात. कोळशाचा नमुना भट्टीत ठेवून भट्टीचं तापमान ठरावीक वेगाने वाढवायचं आणि त्यातून हवा किंवा ऑक्सिजन जाऊ द्यायचा. आधी कोळसा भट्टीच्या मागे असतो. एका क्षणी तो स्वतःच्या उष्णतेने भट्टीला गाठतो आणि पुढे जातो. त्या तापमानाला छेदन तापमान म्हणू. ते १२० ते १४० अंशांत आलं तर कोळसा जास्त धोक्याचा, १४० ते १६० मध्यम, आणि १६० च्या पुढे कमी धोक्याचा, असा ढोबळ ठोकताळा आहे.

यात हवामानही भर घालतं. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे ढिगाची सुरुवातच वरच्या पायरीवरून होते. आणि मग येतो पहिला पाऊस. आपल्याला वाटतं, बरं झालं, गार होईल. पण कडक वाळलेला कोळसा पाणी शोषतो तेव्हा उष्णता बाहेर पडते. शिवाय पावसाच्या ओघळांनी उतारावर घळी पडतात आणि हवेला नव्या वाटा मिळतात. ओला आणि सुका कोळसा एकमेकांवर रचला तरी हाच त्रास.

जहाजांनी शिकवलेला धडा

हे सगळं नवीन नाही. टायटॅनिक जहाजाबद्दल तुम्हाला सगळं माहीत असेल, पण त्याच्या एका कोळशाच्या कोठारात प्रवास सुरू होण्याआधीपासून आग धुमसत होती, हे माहीत होतं? १९१२ च्या ब्रिटिश चौकशीत तिथल्या भट्टीवाल्यांनी तशी साक्ष दिली. त्यांनी ती विझवली कशी? तो कोळसा उपसून उपसून भट्टीत घातला आणि कोठार रिकामं केलं. १३ एप्रिलपर्यंत ते काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी रात्री हिमनग आडवा आला, ती वेगळी गोष्ट.

दुसरी घटना जास्त गंभीर. १५ फेब्रुवारी १८९८ ला क्युबातल्या हवाना बंदरात अमेरिकेची मेन ही युद्धनौका स्फोटाने बुडाली. २६० हून जास्त माणसं गेली. त्या वेळच्या चौकशीने दोष पाणसुरुंगाला दिला, लोक स्पेनवर भडकले आणि काही आठवड्यांत युद्ध सुरू झालं. १९७६ मध्ये ॲडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने निष्कर्ष काढला की बहुधा कोळशाच्या कोठारातली आपोआप लागलेली आग शेजारच्या दारूगोळ्यापर्यंत पोचली असावी. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. पण कोळशाच्या पलीकडे काय ठेवलंय, याचा विचार करायला लावणारी ही घटना आहे.

आज जहाजातून सुटा माल नेण्याचे आंतरराष्ट्रीय नियम २०११ पासून बंधनकारक आहेत. त्यात कोळशासाठी एक आकडा ठसठशीत आहे, तो म्हणजे ५५ अंश. त्याहून गरम कोळसा जहाजात भरायचाच नाही. आणि प्रवासात कोठारातल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण मोजत राहायचं. धूर किंवा वास येण्याच्या कितीतरी आधी हा वायू वाढायला लागतो. त्याचं प्रमाण सलग वाढतंय म्हणजे आत काहीतरी शिजतंय. अशा वेळी झाकणं उघडून "जरा हवा लागू दे" असं करायचं नाही, हवा बंदच ठेवायची.

यार्डात काय करायचं, काय नाही

पहिलं काम ढीग रचतानाचं. उंचावरून ओतून डोंगर करायचा नाही. अर्ध्या मीटरच्या आतले थर पसरायचे आणि प्रत्येक थरावर डोझर फिरवून दाबायचा. उतार बेताचे ठेवायचे आणि तेही दाबून घ्यायचे, कारण हवा तिथूनच शिरते. जो कोळसा आधी आला तो आधी वापरायचा. आमच्याकडे याला फिफो म्हणतात आणि रांगेतल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. पण यार्डात रोजच्या घाईत समोरचा ताजा कोळसा उचलला जातो आणि मागचा कोपरा महिनोन् महिने तसाच राहतो. आग बऱ्याचदा त्या कोपऱ्यात लागते.

दुसरं काम लक्ष ठेवण्याचं. थर्मल कॅमेरा उपयोगी आहे, पण तो वरचा पृष्ठभाग बघतो, आतलं नाही. म्हणून लांब सळईच्या टोकाला तापमापक लावून तो ढिगात खुपसून मोजतात. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा तो रोज चढतोय का, हे महत्त्वाचं. डोळ्यांना दिसणाऱ्या खुणाही आहेत : पहाटेची वाफ, पाऊस पडून गेल्यावर एकच ठिकाण लवकर वाळणं, रॉकेल किंवा डांबरासारखा वास.

तिसरं काम ढीग तापलाच तर. वरून पाण्याचा पाइप सोडणं सगळ्यात सोपं वाटतं. पण पाणी दाबलेल्या कोळशातून सारखं झिरपत नाही, मिळेल त्या वाटेने खाली निघून जातं आणि तापलेली जागा कोरडीच राहते. आणि आत कोळसा लालबुंद झाला असेल तर पाण्याची वाफ त्याच्याशी क्रिया करून हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार करते. पहिला स्फोटक, दोन्ही ज्वलनशील, दुसरा विषारी. म्हणजे विझवायला गेलात आणि इंधन पुरवलंत.

आता "उकरून हवा लागू द्या" याचं काय? अर्धवट उकरलं तर धुमसणाऱ्या कोळशाला ताजी हवा मिळते आणि तो भडकतो. म्हणून योग्य पद्धत अशी. यंत्राने तो तापलेला भाग पूर्ण बाहेर काढायचा, दूर मोकळ्या जागी पातळ पसरायचा, तिथे पाणी मारून गार करायचा आणि शक्य तितक्या लवकर वापरून टाकायचा. जुन्या ढिगात परत टाकायचा नाही. उरलेला खड्डा भरून दाबून घ्यायचा. आणि धुमसणारा कोळसा तसाच कन्व्हेयरच्या रबरी पट्ट्यावर तर मुळीच टाकायचा नाही, नाहीतर यार्डातली आग पट्ट्यावर बसून थेट बंकरपर्यंत जाते.

माणसांचं काय?

कोळशाचं नुकसान भरून निघतं. पण ढिगाजवळ काम करणारी माणसं बहुतेक कंत्राटी असतात, कालच रुजू झालेली असतात आणि हे सगळं त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमचा भाऊ, मामा, मित्र औष्णिक केंद्रात, कोळसा डेपोत, बॉयलरवर किंवा ट्रकवर असेल, तर त्यांच्यापर्यंत एवढ्या चार गोष्टी पोचवा.

धुमसणाऱ्या ढिगावर चालायचं नाही. आतला कोळसा जळून पोकळी झालेली असते आणि वरून फक्त कवच उरतं. पाय ठेवला की माणूस निखाऱ्यात जातो.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. हवेत तो ०.१२ टक्के झाला तरी जिवाला तातडीचा धोका मानतात. धुळीसाठी नाकाला बांधलेला रुमाल किंवा मास्क तो अडवत नाही. डोकं जड झालं, मळमळलं, पाय गळल्यासारखे वाटले तर "उन्हामुळे असेल" म्हणून तिथेच बसू नका, मोकळ्या हवेत या.

बंकर, भुयारी कन्व्हेयर, जहाजाचं कोठार, बंद शेड अशा कोंडलेल्या जागेत मोजणी झाल्याशिवाय उतरायचं नाही. तिथे आग नसली तरी कोळशाने हवेतला ऑक्सिजन गिळलेला असू शकतो. आत कुणी पडलेला दिसला तर त्याच्या मागे तसंच धावायचं नाही. आधी मदतीला हाक मारायची आणि श्वसनाचं उपकरण लावलेल्या माणसालाच आत जाऊ द्यायचं.

थंडीच्या रात्री ढिगाच्या उबेला झोपायचं नाही. ती ऊब कुठून येते, ते आता तुम्हाला माहीत आहे.

कोळशापुरतं नाही

हेच गणित साखर कारखान्यातल्या बगॅसच्या गंजीला लागू पडतं, ओलसर रचलेल्या चाऱ्याला लागू पडतं, कोपऱ्यात गोळा करून टाकलेल्या जवसाच्या तेलाच्या फडक्यांनाही. सुरुवातीची ऊब कुठे जिवाणूंमुळे येते, कुठे तेलामुळे. पुढचा खेळ तोच : उष्णता तयार किती होते आणि बाहेर किती जाते. म्हणून पुढच्या वेळी कुठलाही मोठा ढीग बघितलात तर स्वतःला दोनच प्रश्न विचारा. याच्यात हवा शिरते कुठून? आणि उष्णता निघते कुठून? पहिल्याचं उत्तर सापडलं आणि दुसऱ्याचं नाही सापडलं, तर तिथल्या जबाबदार माणसाला जाऊन सांगा.

चला, आजच्यापुरतं एवढंच. यार्डात किंवा बॉयलरवर काम करणाऱ्या मंडळींनी आपले अनुभव नक्की कळवा, एखाद्या भागात त्यांच्याशीच गप्पा मारू. आणि ज्याच्या कामाचं आहे त्याला हा भाग पाठवा, खास करून पहिला पाऊस पडायच्या आधी. भेटू पुढच्या भागात!